कॉलेज बदलायचंय? मग एलसी सगळ्यात शेवटी काढा

ऑगस्ट २०२३. दुपारचे अडीच वाजले होते, डबा खाऊन मी नुकतीच खुर्चीत येऊन बसले होते. खिडकीशी एक मुलगा उभा. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, पावसानं कडेनं भिजलेलं. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसनं कल्याणहून आला होता आणि संध्याकाळच्या तपोवननं परत जायचं होतं.

"मॅडम, मला इथं एसईला (इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) ॲडमिशन हवंय. कॉम्प्युटर. सगळे कागद आणलेत."

असं म्हणून त्यानं फोल्डरमधून पहिलाच कागद काढला, तो एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. ओरिजिनल, गोल शिक्क्यासकट.

मी विचारलं, "इथं सीट आहे असं तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाला, मित्र सांगत होता. मी म्हटलं, "अरे बाळा, तिथली सीट तू सोडलीस आणि इथली अजून मिळालेली नाही. आज तू कुठल्या कॉलेजचा विद्यार्थी आहेस, सांग बरं."

त्याला उत्तर सुचलं नाही. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलेला, घर नाशिकरोडला आजोबांकडे हलवलेलं, आईची धावपळ. कारण अगदी खरं होतं, पण कागदांचा क्रम उलटा झाला होता. तो सरळ करता करता ऑक्टोबर उजाडला.

मी नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थी विभागात एकवीस वर्षं बसते. आमच्या भाषेत याला 'ट्रान्सफर केस' म्हणतात. दरवर्षी पंधरावीस मुलं विचारायला येतात आणि त्यातली चारपाच पार पडतात. बाकीची बहुतेक कागदावर अडतात. मार्कांवर अडणारी त्या मानानं थोडी. म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूनं जे दिसतं ते लिहून ठेवते आहे.

आधी ठरवा, बदलायचं काय आहे

मुलं सरसकट "कॉलेज चेंज" म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

त्याच कॉलेजात शाखा बदलायची असेल, म्हणजे सिव्हिलमधून आयटी वगैरे, तर ते प्रकरण कॉलेजच्या आतलं. रिकामी जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण, संपलं. कॉम्प्युटरची जागा सहसा रिकामी राहत नाही हे मात्र आधीच ऐकून ठेवा.

एकाच विद्यापीठाच्या एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर ती सगळ्यात सुखाची बदली. अभ्यासक्रम तोच, पीआरएन नंबर (विद्यापीठातला कायमचा नोंदणी क्रमांक) तोच, मायग्रेशन सर्टिफिकेटची भानगड नाही. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी राज्यभरातली कॉलेजं जोडलेली आहेत. तुमचं सध्याचं कॉलेज तिकडचं असेल तर नव्या गावात आधी त्याच विद्यापीठाचं कॉलेज शोधा. कॉलेज थोडं डावं असलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव मोठं म्हणून विद्यापीठ बदलणारी मुलं पुढचं एक वर्ष जुने विषय भरून काढण्यात घालवतात.

विद्यापीठ बदलणं हा तिसरा प्रकार, आणि खरा ताप इथंच. यातच एक छुपा प्रकार आहे तो स्वायत्त कॉलेजांचा. विद्यापीठ एकच असलं तरी ऑटोनॉमस कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो. "युनिव्हर्सिटी तीच आहे की!" म्हणून बिनधास्त येणाऱ्यांना तिथं धक्का बसतो.

कुठल्याही प्रकारात केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर आधी ती सोडवा. बाहेरच्या विद्यापीठात जाताना तर नक्कीच. कारण साधं आहे: राहिलेला पेपर जुन्या विद्यापीठाचा असतो, आणि बदली झाल्यावर तुम्ही त्या विद्यापीठाचे राहत नाही. मग तो पेपर द्यायचा कुठं? पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तर तोही येऊ द्या.

आणि खासगी कॉलेजातून मधल्या वर्षी सरकारी कॉलेजात शिरायचं स्वप्न असेल तर माझ्या एकवीस वर्षांत तरी असं एकही प्रकरण माझ्या टेबलावरून पुढं गेलेलं नाही.

कागदांचा क्रम

सगळ्यात आधी नव्या कॉलेजात जाऊन तुमच्या शाखेत, तुमच्या वर्षाला जागा आहे का ते विचारा. तोंडी "हो, बघू" याला काही किंमत नाही. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या. त्या प्रतीवर आवकचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख मारून घ्या. आमच्याकडं आवक-जावकला बसणारे मामा एरवी कुरकुर करतील, पण शिक्का मारायला नाही म्हणणार नाहीत. ही शिक्क्याची प्रत पुढं दोनदा तरी कामाला येते. कल्याणच्या मुलाकडं तीच नव्हती.

जागा हा प्रकारही समजून घ्या. साठची मंजूर क्षमता असली आणि पहिल्या वर्षी चार जणांनी प्रवेश रद्द केला तर दुसऱ्या वर्षाला चार जागा रिकाम्या. पण त्याच जागांवर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचाही डोळा असतो. त्यांच्यासाठी क्षमतेच्या दहा टक्के जागा वेगळ्या असतात आणि वर या रिकाम्या जागाही. म्हणून जुलैत दिसलेली जागा सप्टेंबरात असेलच असं नाही.

नव्या कॉलेजनं लेखी होकार दिला की मग जुन्या कॉलेजकडं ना-हरकत मागायची. इथंही अर्ज दोन प्रतींत. कारण खरं आणि थोडक्यात लिहा. "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलेला अर्ज सगळ्यांना संशयास्पद वाटतो. "वडिलांचे आजारपण, कुटुंब नाशिक येथे स्थलांतरित" असं लिहून डॉक्टरांचा कागद जोडला की सही करणाऱ्याचा हात लवकर चालतो. आमची मंडळीही माणसंच आहेत.

त्यानंतर तंत्रशिक्षण संचालनालय आणि विद्यापीठ यांची परवानगी. संचालनालयाची विभागीय कार्यालयं सहा: मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. पत्रव्यवहार कॉलेज करतं, तुम्ही आमच्याकडून जावक क्रमांक मागून ठेवायचा आणि आठवड्यानं विचारायला यायचं. तारखा आणि अटी त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात. मावसभावाच्या वेळी काय झालं होतं हे मला सांगू नका, त्या वर्षीचा कागद काढा.

परवानगी हातात आली की मग, आणि मगच, एलसी आणि मायग्रेशन. मायग्रेशन सर्टिफिकेट म्हणजे जुन्या विद्यापीठानं तुम्हाला दिलेला निरोप. ते कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. तो कागद हातात आला की लॅमिनेट करू नका. दरवर्षी कुणाचे तरी वडील प्रेमानं लॅमिनेशन करून आणतात आणि मग त्यावर ना शिक्का बसतो ना सही.

कॉलेज बदलाच्या या काळात गेटसमोरच्या टपरीवर एखादा "काका" भेटतो. सगळं करून देतो म्हणतो, पन्नास हजार सांगतो, पस्तिसावर येतो. त्याला विचारा, पावती कुणाच्या नावाची मिळेल? तिथंच विषय संपतो.

कल्याणच्या मुलाच्या बाबतीत एलसी आधीच निघाल्यानं जुन्या कॉलेजला ना-हरकत द्यायची काही घाईच नव्हती. उलट त्यांनी उरलेल्या तीन वर्षांची फी मागितली आणि बारावीची ओरिजिनल गुणपत्रिका अडकवून ठेवली. कॉलेजचं नाव मी घेत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की भांडू नकोस, अर्ज लिही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला मनाई करणारी यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे, तिची प्रत अर्जाला जोड आणि आवक क्रमांक घे. तोंडी तीन आठवडे चाललेलं प्रकरण लेखी अर्जानंतर पाच दिवसांत सुटलं. फीचा विषय पुन्हा निघालाच नाही.

अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवा

या भागाकडं मुलं ढुंकून पाहत नाहीत, आणि वर्षभर रडवतो तो हाच.

फॉर्म भरायच्या आधी दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम उतरवून घ्या, एक मोठा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडं तुम्ही पास झालेले विषय, उजवीकडं नव्या विद्यापीठात तोवर शिकवून झालेले विषय. उजवीकडं ज्याला जोडीदार सापडत नाही, ते तुमचं देणं.

त्या मुलाला मी माझ्यासमोरच हे करायला लावलं. तो मुंबई विद्यापीठाचा, २०१९ च्या 'सी-स्कीम' अभ्यासक्रमाचा. आम्ही तेव्हा पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचे. एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मुंबईत फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही सेमिस्टरला असायचे. आमच्याकडं दोन्ही एकेकदाच, निम्मा वर्ग आधी फिजिक्स करायचा आणि निम्मा केमिस्ट्री. म्हणजे या दोन्हींत त्याची बाजू जड. मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल जुळले. पण आमच्याकडं पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रॉनिक्स होतं आणि सिस्टिम्स इन मेकॅनिकल इंजिनीअरिंग होतं, त्याच्या यादीत दोन्ही नव्हते. आणि प्रोग्रॅमिंग दोन्हीकडं असलं तरी तो सी शिकून आला होता, आमची मुलं पायथन.

हा सी आणि पायथनचा फरक कागदावर "समकक्ष" म्हणून खपून जातो. गुणपत्रिकेवर अडत नाही, प्रयोगशाळेत अडतो. आमच्याकडं तेव्हा एसईच्या तिसऱ्या सेमिस्टरला फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्सची प्रॅक्टिकल्स पायथनमध्ये आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेडची सी प्लस प्लसमध्ये. दुसऱ्यात तो वर्गाच्या पुढं, पहिल्यात त्याला लिस्ट कशी लिहायची तेही ठाऊक नव्हतं. पायथन तसं सोपं, पंधरा दिवसांत येतं. पण ते पंधरा दिवस प्रवेशाच्या आधीचे हवेत, नंतरचे नव्हेत. खिडकीबाहेर बाकावर बसून सहीची वाट पाहताना मोबाइलवर गाणी ऐकण्याऐवजी हेच करायला मी त्याला सांगितलं होतं. थोडंफार केलं त्यानं.

तिसऱ्या वर्षाला बदली करणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा, आणि मी तर त्यांना घरीच थांबा म्हणते. त्याच २०१९ च्या अभ्यासक्रमांचं उदाहरण घ्या. मुंबईत कॉम्प्युटरला चौथ्या सेमिस्टरलाच डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम आणि ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स होऊन जायचं. पुण्यात डीबीएमएस आणि ऑपरेटिंग सिस्टिम पाचव्या सेमिस्टरला. त्यामुळं मुंबईहून पुण्याकडं येणारा टीईला हे दोन विषय पुन्हा करत बसायचा, आणि सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग, प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस त्याचे राहून गेलेले असायचे. उलट दिशेनं जाणाऱ्याचे डीबीएमएस, ओएस दोन्ही बुडायचे, कारण इकडं व्हायच्या आत तो निघाला आणि तिकडं पोचायच्या आत होऊन गेले. आता २०२४ पासून दोन्हीकडं नवे अभ्यासक्रम आले आहेत, विषयांची नावं बदलली, पण मधोमध रेघ मारलेला कागद अजूनही तसाच चालतो.

हल्ली मुलं सांगतात, "मॅडम, माझे क्रेडिट्स एबीसीमध्ये आहेत." आहेत ना, छानच. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे आणि कामाची आहे. पण तिथं जमा झालेले क्रेडिट तुमच्या नव्या विद्यापीठात कुठल्या विषयाच्या बदल्यात चालतील, हे बँक ठरवत नाही, विद्यापीठ ठरवतं. आणि मोबाइल नंबर बदलला म्हणून नवी आयडी काढू नका, जुनीच चालवा.

समकक्षता ठरवायला विभागप्रमुखांकडं जाल तेव्हा नुसती गुणपत्रिका नेऊ नका. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची पानं छापून, जुन्या कॉलेजचा शिक्का मारून न्या. सरांना "फिजिक्स-२" या नावावरून काही कळत नाही. आत सेमिकंडक्टर आहे का लेसर आहे, ते पानावर दिसलं तर एखाद्या पेपरातून सुटकाही होऊ शकते.

परीक्षेची घडीही विचारून घ्या. त्याच्याकडं ऐंशी-वीसची सवय होती: वीस गुण कॉलेजातल्या चाचण्यांचे आणि ऐंशीचा शेवटचा पेपर. आमच्याकडं तेव्हा तीस गुणांची इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) विद्यापीठाची, पहिल्या दोन युनिटवर, आणि सत्तर गुणांची एन्ड-सेम पुढच्या चार युनिटवर. त्याचा प्रवेश पक्का होईपर्यंत इन-सेमचे फॉर्म संपले होते. पाच विषयांचे तीस-तीस गुण वर्गात पाऊल टाकायच्या आधीच गेले. उरलेल्या सत्तरातून सगळं काढायचं होतं. एलसीचा तो एक कागद आधी काढला नसता तर तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात असता.

पैसे

थोडक्यात सांगते. महाडीबीटीवरचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, जुन्या कॉलेजचा अर्ज त्यांच्या लॉगिनला पडून असेल तर तो मार्गी लावल्याशिवाय निघू नका. तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठी तिथं कुणी लॉगिन उघडत नाही. आणि नव्या कॉलेजला लेखी विचारा की मला मिळणारी जागा शिष्यवृत्तीसाठी कॅपची (केंद्रीय प्रवेश फेरीतली) धरली जाईल की संस्थास्तरावरची. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती लागत नाही. बदलीच्या नादात एका मुलीची माफी गेलेली मी पाहिली आहे. तिच्या वडिलांना हे सांगायला मला खिडकीबाहेर जावं लागलं. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची तारीखही पाहून घ्या, ती ३१ मार्चला संपते.

वर्गात गेल्यावर

यातलं मला फार कळत नाही, पण खिडकीतून दिसतं ते सांगते. बदलीनं आलेल्याचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी लागतं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या असतात, त्यामुळं ज्या बॅचमध्ये कॉम्प्युटर कमी तिथंच ढकलतात. वर्गाच्या ग्रुपवर कुणी घेत नाही, कारण कुणाला तुम्ही आलात हेच माहीत नसतं. पहिल्या दिवशी सीआर (वर्गप्रतिनिधी) कोण ते विचारा आणि ग्रुपवर या. सबमिशनच्या तारखा नोटीस बोर्डावर लागायच्या आधी तिथं येतात.

आणि डिप्लोमावाल्यांशी दोस्ती करा. तेही उशिरा आलेले, त्यांनाही कुणी ओळखत नाही. जर्नल कशी पूर्ण करायची, व्हायवाला काय विचारतात, लॅब असिस्टंटशी कसं बोलायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. गणितात ते कच्चे असतात. आमचा कल्याणवाला येवल्याच्या एका डिप्लोमावाल्याबरोबर बसायला लागला. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) चौथ्या सेमिस्टरला येणार म्हणून यानं त्याला डिसेंबरातच इंटिग्रेशन शिकवायला घेतलं, आणि त्यानं याच्या पाचही जर्नल तपासून घेतल्या. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलेले दिसायचे दोघं.

हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. उशिरा आलात तर प्रवेशाच्या तारखेपासून हजेरी मोजावी असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. डिटेन यादी (हजेरी कमी म्हणून अडवलेल्यांची) लागल्यावर आलेल्या अर्जाचं आम्ही काही करू शकत नाही.

पात्रतेचं एक शेवटचं राहिलं. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्याला आधी तात्पुरती पात्रता मिळते. मायग्रेशनची मूळ प्रत विद्यापीठात पोचली की ती कायम होते. तोवर परीक्षा देता येते, निकाल मात्र राखून ठेवतात. कल्याणच्या मुलानं आम्हाला झेरॉक्स दिली होती आणि मूळ प्रत "देतो" म्हणाला होता. फेब्रुवारीत सगळ्यांचे निकाल लागले, त्याचा राखीव. ओरिजिनल कल्याणला काकांच्या कपाटात, गॅसच्या पुस्तकाबरोबर एका पिशवीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन घेऊन आला. मी पिशवी उघडून आधी लॅमिनेशन नाही ना ते पाहिलं. मग मामांनी आवक मारली, आणि दोनेक आठवड्यांनी निकाल दिसला. पाचपैकी चार सुटले होते, डेटा स्ट्रक्चर्स राहिलं. ते मे महिन्यात सुटलं, बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या जादा पेपरबरोबरच.